दिवाळी अंकाच्या सर्व्हरवरील ग्रुपांची फेरमांडणी : प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

पहिला फर्मा छपाईला जाण्याआधी संपवायचं काम. सर्व्हरवर कोण कोणत्या ग्रुपात (एकसारखी परवानगी असलेल्या खात्यांचा गट) आहे आणि कोणती फाइल कोणाला उघडते, हे आधी कागदावर आणायचं आणि मग सगळं नव्याने बांधायचं. सर्व्हर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) वर आहे. मांडणी विभागाचं मशीनही डेबियन १२, ते अंकाची डिरेक्टरी एनएफएसवरून (नेटवर्कवरून फाइली वापरण्याची सोय) माउंट करतं, म्हणजे जोडून घेतं. जाहिरात विभाग विंडोजवरून सांबातून (विंडोजला सर्व्हरच्या फाइली देणारा प्रोग्राम) येतो.

लिहिण्याची रीत : कमांड, फाइलींची नावं आणि ग्रुपांची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. ऑप्शनचं अक्षर मोठं असेल तिथे तसं सांगितलं आहे, एरवी ते लहान समजावं. सं२, मां३ अशी नावं म्हणजे संपादन आणि मांडणी विभागांतली खाती. प्रत्यक्ष सर्व्हरवर ग्रुपचं नाव रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान, ३२ अक्षरांच्या आत.

/इटीसी/ग्रुप मधली ही ओळ :

मांडणी:एक्स:१००७:मां३

चार रकाने, मध्ये कोलन. पहिल्यात नाव. दुसऱ्यात एक्स, म्हणजे ग्रुपचा पासवर्ड असलाच तर तो /इटीसी/जीशॅडो मध्ये. तिसऱ्यात जीआयडी, म्हणजे ग्रुपचा आकडा. चौथ्यात सदस्य, स्वल्पविरामाने तोडलेले आणि मध्ये जागा न सोडलेले. ओळ वाचून वाटतं की मांडणीत एकच माणूस आहे. खरं तर तिघं आहेत. मां१ आणि मां२ यांचा प्रायमरी (खात्याचा मुख्य, बाकीचे सेकंडरी) ग्रुपच मांडणी आहे आणि प्रायमरी ग्रुप या फाइलीत नसतो, तो /इटीसी/पासवर्ड मध्ये प्रत्येक खात्याच्या चौथ्या रकान्यात आकड्याने लिहिलेला असतो. म्हणून ग्रुपचे सदस्य मोजताना दोन्ही फाइली बघाव्या लागतात. पासवर्ड फाइलीतून चौथा रकाना १००७ असलेल्या ओळी ऑकने (मजकुरातले रकाने निवडणारी कमांड) काढल्या, तेव्हा हिशेब जुळला.

यादी काढायला कॅटऐवजी (फाइल जशीच्या तशी दाखवणारी कमांड) गेटएंट ग्रुप वापरलं. इथे सगळी खाती स्थानिक असल्याने फरक पडत नाही, पण उद्या एलडॅप (खात्यांची मध्यवर्ती यादी) आलं तर फाइल वाचणाऱ्या स्क्रिप्टला ते ग्रुप दिसणारच नाहीत. गेटएंट मात्र एनएसस्विच फाइलीतल्या क्रमाने सगळीकडे विचारतं. एक अडचण तेव्हाही राहील : एसएसएसडी (मध्यवर्ती यादीतून खाती आणून देणारी सेवा) मोठी यादी एकदम देत नाही, त्यामुळे नाव देऊन विचारावं लागतं.

आजची स्थिती वाईट आहे. /एसआरव्ही/अंक खाली जवळपास सगळं ०७७७, म्हणजे कोणालाही वाचायला, लिहायला आणि चालवायला खुलं. कधीतरी "फाइल उघडत नाही" अशी तक्रार आली असणार आणि त्यावर हा उतारा दिला गेला असणार. शिवाय काही डिरेक्टऱ्या युजर्स या ग्रुपला दिल्या आहेत. डेबियन १२ मध्ये ॲडयुजरने उघडलेलं प्रत्येक नवं खातं युजर्समध्ये आपोआप सेकंडरी सदस्य म्हणून जातं. म्हणजे युजर्सला दिलेली परवानगी ही सगळ्यांना दिलेली परवानगी झाली.

८ जुलै, मंगळवार

नवे ग्रुप करण्याआधी जुन्यांतले धोकादायक तपासले.

डॉकर (प्रोग्राम कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या कप्प्यात, चालवण्याची सोय) ग्रुपात दोन साधी खाती होती. या ग्रुपातला माणूस सर्व्हरची सगळ्यात वरची, मुळाची डिरेक्टरी कंटेनरमध्ये माउंट करून आत रूट (सर्वाधिकारी खातं) म्हणून वावरू शकतो. पासवर्ड लागत नाही आणि सुडोच्या (रूटच्या अधिकाराने कमांड चालवण्याची सोय) नोंदीतही काही उमटत नाही. डॉकर ग्रुप म्हणजे रूटच, असं धरूनच सदस्य द्यावेत. दोन्ही खाती काढली :

जीपासवर्ड -डी मां३ डॉकर

डिस्क ग्रुप, जीआयडी ६ : एक खातं. यातल्या माणसाला डिस्कचं कच्चं उपकरण थेट वाचता-लिहिता येतं, त्यामुळे फाइलसिस्टिमच्या परवानग्यांना त्याच्यापुढे काही अर्थ उरत नाही. /इटीसी/शॅडो सुद्धा तो डीबगएफएसने वाचू शकतो. पेन ड्राइव्ह चालावा म्हणून कोणीतरी घातलेलं दिसतं. काढलं.

एडीएम, जीआयडी ४ : लॉग वाचण्यापुरता, ठेवला. सुडो, जीआयडी २७ : दोन खाती, दोन्ही योग्य. डायलआउट, जीआयडी २० : सिरियल पोर्टसाठी, इथे त्याचं काम नाही, रिकामा केला.

डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, जीआयडी ३३, यात संपादनातले तिघं होते आणि वेबसाइटच्या फाइली त्याच ग्रुपला लिहायला खुल्या. हे उलटं झालं आहे. तो ग्रुप वेबसर्व्हरच्या प्रक्रियेचा आहे. माणसांना लिहिता यावं म्हणून त्याला लिहिण्याची परवानगी दिली, तर वेबसाइटमधलं एखादं भोक सापडलेल्या परक्यालाही त्याच फाइली लिहिता येतात. माणसांचा वेगळा ग्रुप असावा आणि वेबसर्व्हरला फक्त वाचता यावं.

९ जुलै, बुधवार

आकडे ठरवले. कर्नेलला (व्यवस्थेचा गाभा) ग्रुपचं नाव माहीतच नसतं. फाइलीच्या आयनोडमध्ये (डिस्कवरची तिची नोंद) आकडा, प्रक्रियेच्या अंगावर आकडे. नाव हे फक्त दाखवताना /इटीसी/ग्रुप मधून शोधून लावलं जातं. दोन मशीनवर तेच नाव वेगळ्या आकड्याने असेल तर ते दोन वेगळे ग्रुप आहेत, आणि हीच चूक इथे झालेली आहे (२१ तारखेची नोंद पाहावी).

डेबियनमध्ये १००० च्या खालचे जीआयडी व्यवस्थेचे. लॉगिन.डेफ्स फाइलीत माणसांच्या ग्रुपांची पट्टी १००० ते ६०००० आहे. प्रत्येक नव्या खात्याबरोबर त्याच्याच नावाचा खासगी ग्रुप तयार होतो आणि तो १००० पासून पुढचा मोकळा आकडा घेतो. म्हणून कामाच्या ग्रुपांना ३००० पासूनची जागा दिली, म्हणजे दोन्ही एकमेकांच्या अंगावर येणार नाहीत.

संपादन ३००१, मांडणी ३००२, जाहिरात ३००३, छपाई ३००४, जुनेअंक ३००५.

करण्याआधी दोन्ही मशीनवर गेटएंट ग्रुप ३००१ असं पाचही आकडे विचारून पाहिले. शिवाय फाइंडला -जीआयडी ३००१ देऊन डिस्कवर या आकड्याची एखादी बेवारस फाइल नाही ना, तेही पाहिलं. हे दुसरं सहसा कोणी करत नाही. वर्षापूर्वी उडवलेल्या ग्रुपचा आकडा नव्या ग्रुपला मिळाला, तर त्याच्या जुन्या फाइली नव्या लोकांना फुकटात उघडतात.

ग्रुपॲड -जी ३००१ संपादन

असं चार वेळा. मांडणी आधीपासून आहे, तिचा आकडा बदलायचा आहे, ते पुढे.

ग्रुप कामाचे केले, हुद्द्याचे नाहीत. उपसंपादक, मुख्य संपादक असे ग्रुप मागितले गेले होते. पण दोघांनाही उघडायच्या फाइली त्याच असतील तर दोन ग्रुप म्हणजे दोन ठिकाणी सांभाळायची एकच यादी, आणि त्यातली एक लवकरच शिळी होते. नवा ग्रुप तेव्हाच करावा जेव्हा एखादी डिरेक्टरी वेगळी असते.

१० जुलै, गुरुवार

सदस्य घालताना चूक झाली, तिची सविस्तर नोंद.

सं२ ला संपादन ग्रुपात घालायला युजरमॉड मोठ्या जी ऑप्शनने चालवलं आणि सोबतचा -ए राहिला. मोठा जी एकटा असेल तर त्याचा अर्थ "हाही घाल" असा होत नाही, "याचे सेकंडरी ग्रुप एवढेच" असा होतो. सं२ सुडो, एडीएम आणि जुन्या अंकांच्या ग्रुपातून एका फटक्यात बाहेर. कमांड काहीही न बोलता परत आली, सूचना नाही, प्रश्न नाही. सं२ चं टर्मिनल आधीपासून उघडं होतं, त्यामुळे त्यालाही तासभर काही कळलं नाही.

दुरुस्ती : ही सगळी साधनं लिहिण्याआधी आधीची प्रत /इटीसी/ग्रुप- या नावाने ठेवतात, शेवटी आडवी रेघ असलेली. डिफने दोन्ही फाइली समोरासमोर ठेवल्या तर नेमक्या कोणत्या ओळींतून नाव गेलं ते दिसतं. पण ही प्रत एकच पाऊल मागची असते. घाईने पुन्हा युजरमॉड चालवलं की ती पुसली जाते. इथे तसंच झालं होतं. मग जर्नल (व्यवस्थेतल्या घडामोडींची नोंदवही) पाहिलं. जर्नलसीटीएल -टी युजरमॉड दिल्यावर "सं२ ला सुडोतून काढलं" अशा अर्थाच्या ओळी एकेक ग्रुपनिशी मिळाल्या. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (या नोंदी साध्या फाइलींत लिहिणारी सेवा) आपोआप बसत नाही, म्हणून ऑथ.लॉग शोधत बसू नये, थेट जर्नल पाहावं.

यापुढे एक माणूस एका ग्रुपात घालायला युजरमॉड वापरायचं नाही :

जीपासवर्ड -ए सं२ संपादन

ही कमांड एकाच ग्रुपला हात लावते, बाकीचं बिघडवण्याची सोयच तिच्यात नाही. डेबियनवर ॲडयुजर सं२ संपादन हेही चालतं आणि तितकंच सुरक्षित आहे.

इटीसीकीपर बसवलं. आता /इटीसी मधला प्रत्येक बदल गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) राहील. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

११ जुलै, शुक्रवार

तक्रार : "ग्रुपात घातलंय म्हणता, तरी परवानगी नाही म्हणतंय." तिघांकडून आली, तिन्हींचं कारण एकच.

प्रक्रियेला ग्रुपांची यादी लॉगिनच्या वेळी चिकटते आणि पोटच्या प्रक्रियांना वारशाने जाते. नंतर फाइल कितीही बदला, चालू प्रक्रियेला त्याचा पत्ता नसतो. याची खूण अशी : आयडी सं३ असं नाव देऊन विचारलं तर उत्तर फाइलीतून येतं आणि त्यात संपादन दिसतं. नुसतं आयडी विचारलं तर उत्तर त्या शेलच्या अंगावरून येतं आणि त्यात दिसत नाही. दोन उत्तरं वेगळी आली की परवानग्यांना हात न लावता लॉगिन नवं करायचं. दुसऱ्या एखाद्या प्रक्रियेबद्दल शंका असेल तर /प्रॉक खाली तिच्या क्रमांकाच्या डिरेक्टरीतली स्टेटस फाइल उघडावी. तिथे ग्रुप्स या ओळीत आकडे लिहिलेले असतात.

बाहेर पडून परत आल्यावरही एकाचं काम झालं नाही. तो टीमक्समध्ये (लॉगआउटनंतरही चालू राहणारं टर्मिनल) होता. नव्या लॉगिनने तो जुन्याच टीमक्सला जोडला गेला आणि तो सर्व्हर मंगळवारपासून चालू आहे. टीमक्स पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केल्यावर ठीक. ग्राफिकल डेस्कटॉपवर असाच घोटाळा सिस्टिमडीच्या (सेवा सुरू-बंद करणारी व्यवस्था) युजर मॅनेजरमुळे होतो. खात्याला लिंगर चालू असेल तर लॉगआउटनंतरही तो जिवंत राहतो. तेव्हा लॉगिनसीटीएल टर्मिनेट-युजर वापरावं, पण आधी माणसाला विचारून, कारण त्याचं जतन न केलेलं काम त्यात जातं.

तातडीचं असेल तर न्यूग्रुप संपादन. त्याने आत एक नवा शेल उघडतो आणि त्यात संपादन हाच चालू ग्रुप होतो, म्हणजे त्या शेलमधून केलेली प्रत्येक फाइल संपादनची. काम झालं की एक्झिट. एकाच कमांडपुरतं हवं असेल तर एसजी. न्यूग्रुप त्या काळाची आठवण आहे जेव्हा युनिक्सवर एका वेळी माणूस एकाच ग्रुपात असायचा. एकाच वेळी अनेक ग्रुपांत असण्याची सोय १९८३ च्या ४.२ बीएसडीने आणली.

पार्श्वभूमीतल्या सेवांनाही हेच लागू. सेवेचं खातं ग्रुपात घातलं की सेवा रीस्टार्ट करायची, रीलोड पुरत नाही.

१४ जुलै, सोमवार

डिरेक्टऱ्या. वरची /एसआरव्ही/अंक रूटच्या नावाने, ०७५५, तिच्यात थेट कोणी लिहायचं नाही. तिच्या पोटात पाच. मजकूरचं उदाहरण :

सीएचओन रूट:संपादन /एसआरव्ही/अंक/मजकूर
सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/अंक/मजकूर

पुढचा २ म्हणजे सेटजीआयडी. डिरेक्टरीवर तो असला की आत तयार होणारी फाइल बनवणाऱ्याच्या प्रायमरी ग्रुपची न होता डिरेक्टरीच्या ग्रुपची होते, आणि आत नवी डिरेक्टरी केली तर तिलाही तोच बिट मिळतो. एलएस -एल मध्ये ग्रुपच्या तीन अक्षरांतलं शेवटचं एक्स जाऊन एस येतं. मोठा एस दिसला तर समजावं की ग्रुपला एक्सची परवानगीच नाही, म्हणजे आत शिरता येणार नाही. फ्रीबीएसडी आणि मॅकओएसवर डिरेक्टरीचा ग्रुप वारशाने येणं हे मुळातच ठरलेलं आहे, तिथे हा बिट लागत नाही.

बिट काढायला सीएचमॉड ०७७० दिलं तर तो निघत नाही. लिनक्सवरचं जीएनयू सीएचमॉड डिरेक्टरीच्या बाबतीत तो मुद्दाम राखतं. काढायचाच असेल तर जी-एस लिहावं किंवा ०० ने सुरू होणारे पाच आकडे द्यावेत.

सेटजीआयडी ग्रुप देतो, परवानगी देत नाही. युमास्क (नव्या फाइलीतून कोणत्या परवानग्या वगळायच्या तो आकडा) ०२२ असेल तर फाइल संपादनची होईल पण ग्रुपला लिहिता येणार नाही. एकाने उघडून जतन केलेला लेख दुसऱ्याला फक्त वाचायला मिळेल. ०७७७ चा उतारा मुळात या दुखण्यावरच दिला गेला असावा. लॉगिन.डेफ्समध्ये युमास्क ०२७ होता, तो ००७ केला, आणि पॅमच्या (लॉगिनची तपासणी आणि तयारी करणारी व्यवस्था) कॉमन-सेशन फाइलीत पॅम-युमास्कची ओळ आहे याची खात्री केली. तीच गोष्ट मांडणीच्या मशीनवरही.

युमास्क ००७ तेव्हाच निर्धास्त ठेवता येतो जेव्हा प्रत्येकाचा प्रायमरी ग्रुप त्याचा स्वतःचा खासगी असतो. मां१ आणि मां२ यांचा प्रायमरी मांडणीच होता, म्हणजे त्यांनी आपल्या घरच्या डिरेक्टरीत लिहिलेलं सगळं मांडणीला लिहायला खुलं झालं असतं. दोघांचे खासगी ग्रुप केले, युजरमॉड -जी, इथे लहान जी, ने प्रायमरी बदलला, आणि लगेच जीपासवर्ड -ए ने दोघांना मांडणीत सेकंडरी म्हणून परत घातलं. हा दुसरा भाग विसरला तर माणूस स्वतःच्याच विभागाबाहेर पडतो. युजरमॉड होम डिरेक्टरीतल्या जुन्या प्रायमरी ग्रुपच्या फाइलींचा ग्रुप आपणहून बदलतं. होमबाहेरच्या हाताने बदलाव्या लागतात.

१६ जुलै, बुधवार

जुन्या फाइली. सीएचमॉडला मोठा आर आणि २७७० देऊन सगळ्या झाडावर फिरवणं हा सर्वांत सोपा आणि चुकीचा मार्ग. त्याने लेखांच्या आणि चित्रांच्या फाइलीही चालवण्याजोग्या होतात, आणि त्यांच्यावर सेटजीआयडी बसतो, ज्याचा फाइलीवरचा अर्थ निराळा आहे.

पुस्तकी उपाय म्हणजे मोठा एक्स, जो फक्त डिरेक्टरीला एक्स देतो. पण मोठ्या एक्सचं पूर्ण म्हणणं असं आहे : डिरेक्टरीला, किंवा आधीच कोणासाठी तरी एक्स असलेल्या फाइलीला. इथे सगळं ०७७७ असल्याने प्रत्येक फाइलीवर एक्स आहेच, त्यामुळे मोठ्या एक्सने काहीच साधत नाही. म्हणून दोन फेऱ्या, पाच डिरेक्टऱ्यांत वेगवेगळ्या :

फाइंड मजकूर -टाइप डी -एक्झेक सीएचमॉड २७७० {} +
फाइंड मजकूर -टाइप एफ -एक्झेक सीएचमॉड ०६६० {} +

त्याआधी सीएचग्रुप, मोठ्या आर सकट.

नवी घडी मोडणाऱ्या चार सवयी आज सापडल्या. एक, एमव्ही : त्याच फाइलसिस्टिमवर हलवलेली फाइल जुनाच ग्रुप आणि जुनीच परवानगी घेऊन येते, कारण आयनोड तोच, फक्त नाव इकडून तिकडे. डाउनलोडमधून ओढून आणलेला लेख मजकूर डिरेक्टरीत असूनही संपादनचा नसतो. साध्या सीपीने आणला तर डिरेक्टरीचा ग्रुप मिळतो. दोन, सीपी -पी किंवा -ए : मूळ ग्रुप राखण्याचा प्रयत्न करतं, म्हणून इथे नको. तीन, आरसिंक -ए : त्यात ग्रुप आणि परवानग्या दोन्ही येतात, आणि स्रोताच्या डिरेक्टरीवर सेटजीआयडी नसेल तर इथलाही उडतो. त्याला --नो-जी --नो-पी आणि --सीएचमॉड=डी२७७०,एफ६६० (डी आणि एफ मोठे) अशी जोड दिली. चार, काही संपादक प्रोग्राम जतन करताना तात्पुरती नवी फाइल लिहून तिचं नाव बदलतात. ती फाइल दुसऱ्या डिरेक्टरीत बनली असेल तर गत एमव्हीसारखीच.

१८ जुलै, शुक्रवार

मांडणीला मजकूर वाचायचा आहे, बदलायचा नाही. परवानगीच्या नऊ अक्षरांत ग्रुप एकच बसतो. मांडणीच्या सगळ्यांना संपादनात घालणं म्हणजे त्यांना लिहू देणं. त्याऐवजी एसीएल, म्हणजे फाइलीवर जास्तीच्या ग्रुपांसाठी वेगळ्या परवानग्यांची यादी :

सेटएफएसीएल -आर -एम जी:मांडणी:आरएक्स मजकूर
सेटएफएसीएल -आर -डी -एम जी:मांडणी:आरएक्स मजकूर

दोन्ही ओळींतल्या -आर चा आर मोठा, आणि आरएक्समधला एक्स मोठा. आजच्या फाइलींवर आता एक्स उरलेला नाही, त्यामुळे मोठा एक्स इथे नीट काम करतो. दुसरी ओळ डिफॉल्ट एसीएलची, यापुढे तयार होणाऱ्या फाइलींसाठी. तिच्यात संपादनसाठी आरडब्ल्यूएक्सही लिहिलं. डिरेक्टरीला डिफॉल्ट एसीएल असला की तिथे युमास्क विचारात घेतला जात नाही, म्हणून एखाद्या प्रोग्रामचा युमास्क वेगळा असला तरी संपादनचं लिहिणं अडत नाही.

दुपारी गोंधळ : मां२ ला एक लेख उघडेना. एलएस -एल मध्ये शेवटी अधिक चिन्ह, म्हणजे एसीएल आहे. गेटएफएसीएल मध्ये ओळही आहे, मांडणी, आर. पण तिच्या पुढे इफेक्टिव्ह म्हणून तीन आडव्या रेघा. दोष मास्कचा. एसीएल असलेल्या फाइलीवर एलएस दाखवतो ती मधली तीन अक्षरं ग्रुपची नसतात, मास्कची असतात. मास्क हा मालक सोडून नाव घेतलेल्या सगळ्यांवरचा कमाल हद्दीचा दगड. लेखकाने फाइलीला सीएचमॉड ६०० केलं होतं, मास्क शून्य झाला आणि संपादन व मांडणी दोन्ही बाहेर. सेटएफएसीएल -एम एम::आरडब्ल्यू ने उघडलं. सर्वांना सांगितलं की अंकाच्या डिरेक्टरीत सीएचमॉड वापरू नका, अडलं तर कळवा.

तपासणीचा क्रमही याच वेळी समजावून ठेवावा लागला. कर्नेल आधी पाहतं की मालक आहे का. असेल तर मालकाची अक्षरं लागू, पुढे पाहतच नाही. नसेल तर ग्रुप. ग्रुपात असेल आणि ग्रुपला परवानगी नसेल तर नकार, इतरांना परवानगी असली तरी. म्हणून ०६०४ ची फाइल जगाला दिसते आणि स्वतःच्या ग्रुपला दिसत नाही.

बॅकअपमध्ये एसीएल आपोआप जात नाहीत. टारला --एसीएल्स, आरसिंकला मोठा ए लावला.

२१ जुलै, सोमवार

एनएफएस. युआयडी दोन्ही मशीनवर जुळवलेले होते, जीआयडीकडे कोणी पाहिलं नव्हतं. मांडणी ग्रुप सर्व्हरवर १००७, विभागाच्या मशीनवर १००४. सर्व्हरवर १००४ हा सं४ चा खासगी ग्रुप. परिणाम असा की मांडणीने बनवलेली पानं त्यांच्या मशीनवर "मांडणी" दिसत, आणि सर्व्हरवर त्याच फाइली सं४ च्या ग्रुपच्या. दोन्ही बाजूंना एलएसला लहान एन लावून आकडे पाहिले तेव्हा एका मिनिटात कळलं. तारेवरून फक्त आकडा जातो.

सगळ्यांना कामाच्या वेळेनंतर बाहेर काढून, मग :

ग्रुपमॉड -जी ३००२ मांडणी

दोन्ही मशीनवर. ही कमांड ग्रुप फाइलीतला आकडा बदलते, आणि कोणाचा प्रायमरी तो असेल तर पासवर्ड फाइलीतलाही. डिस्कवरच्या फाइली मात्र जुन्याच आकड्याच्या राहतात. त्यांच्यासाठी :

फाइंड /एसआरव्ही -एक्सडेव्ह -जीआयडी १००७ -एक्झेक सीएचग्रुप -एच ३००२ {} +

-एच मुळे सिमलिंकचा स्वतःचा ग्रुप बदलतो, ती जिथे बोट दाखवते तिथला नाही. सर्व्हरवर १००४ च्या फाइलींना मात्र सरसकट हात लावला नाही, कारण त्यात सं४ च्या खऱ्या फाइली मिसळलेल्या. फक्त पाने या डिरेक्टरीतल्या, त्याही मालक मांडणीतला असेल तरच.

दुसरी भानगड : एका खात्याला छपाई डिरेक्टरी सर्व्हरवर उघडते, एनएफएसवरून उघडत नाही. आयडी दोन्हीकडे तंतोतंत सारखं. मोजले तर ग्रुप १९. एनएफएसच्या नेहमीच्या ऑथ-सिस पद्धतीत विनंतीबरोबर जास्तीत जास्त १६ सेकंडरी ग्रुप जातात, उरलेले गुपचूप गळतात. लिनक्स स्वतः २.६.४ पासून एका प्रक्रियेला ६५५३६ ग्रुप देतं (त्याआधी ३२), त्यामुळे स्थानिक कामात ही मर्यादा कधी जाणवत नाही. सर्व्हरवर एनएफएस.कॉन्फच्या माउंटडी भागात मॅनेज-जीआयडीज=वाय आहे का पाहिलं, नव्हतं, घातलं, सेवा रीस्टार्ट. आता क्लायंटने पाठवलेली यादी बाजूला ठेवून सर्व्हर स्वतःच्या फाइलीतून युआयडीचे ग्रुप काढतो. याची दुसरी बाजू ध्यानात ठेवायची : यापुढे क्लायंट मशीनवर कोणाला ग्रुपात घालून एनएफएसवर काही होणार नाही, सर्व्हरवरच घालावं लागेल. आणि सर्व्हर जुनी यादी काही वेळ धरून ठेवतो. लगेच हवं असेल तर एक्स्पोर्टएफएस -एफ.

२२ जुलै, मंगळवार

सांबा. जाहिरात विभागाच्या नव्या फाइलींवर ग्रुपला लिहिता येत नव्हतं, कारण सांबाचा क्रिएट मास्क मुळात ०७४४. जाहिराती या शेअरला क्रिएट मास्क ०६६०, फोर्स डिरेक्टरी मोड २७७०, आणि व्हॅलिड युजर्समध्ये ॲट चिन्हासह जाहिरात. टेस्टपार्मने तपासलं. इथेही चालू जोडणीला जुनीच ग्रुपयादी असते, विंडोजमधून बाहेर पडून पुन्हा जोडावं लागतं.

२८ जुलै, सोमवार

ग्रुपांवर टेकलेले बाकीचे नियम. सुडोअर्समध्ये छपाई ग्रुपला प्रिंटरची रांग पुन्हा सुरू करण्यापुरती एकच कमांड दिली. ग्रुपच्या नावाआधी टक्के चिन्ह. फाइल सुडोअर्स.डी मध्ये व्हिसुडो -एफ ने लिहिली. पहिल्यांदा फाइलीच्या नावात टिंब होतं आणि नियम लागूच होईना : या डिरेक्टरीत नावात टिंब असलेल्या किंवा शेवटी टिल्ड असलेल्या फाइली सुडो वाचतच नाही, आणि तक्रारही करत नाही.

एसएसएचडीला (दुरून केलेलं लॉगिन घेणारी सेवा) अलाउग्रुप्स दिलं, म्हणजे ठरलेल्या ग्रुपांनाच आत घ्यायचं. बदलण्याआधी एक रूटचं टर्मिनल उघडं ठेवलं, एसएसएचडी -टी ने फाइल तपासली, आणि स्वतःचं खातं यादीतल्या एका ग्रुपात आहे हे आयडीने पाहिलं. मगच रीलोड. हा क्रम मोडला तर सर्व्हरपर्यंत चालत जावं लागतं.

संपादन विभागाच्या प्रमुखांचं खातं त्या ग्रुपचं व्यवस्थापक केलं, जीपासवर्ड आणि मोठा ए. आता बाहेरचा मुद्रितशोधक दोन आठवड्यांसाठी आला तर त्याला त्या स्वतः जीपासवर्ड -ए ने घालतील, काम संपलं की -डी ने काढतील, रूट लागणार नाही. ही नोंद जीशॅडोच्या तिसऱ्या रकान्यात बसते. सदस्य कोण हे विभागालाच सगळ्यात आधी कळतं, तेव्हा यादीही त्यांच्याकडेच असावी. ग्रुपला पासवर्ड ठेवायचा नाही. तो असला की सदस्य नसलेलाही न्यूग्रुपने आत येतो, आणि वाटलेला पासवर्ड परत गोळा करता येत नाही.

४ ऑगस्ट, सोमवार

माणूस जातो तेव्हाचं काम. जाहिरातीतलं एक खातं बंद करायचं होतं, त्याच्यावर क्रम बसवून घेतला. आधी लॉगिन बंद, मग त्याच्या चालू प्रक्रिया थांबवणं, कारण ग्रुपातून काढलं तरी चालू प्रक्रियेच्या अंगावरचा आकडा जात नाही. मग क्रॉनटॅब (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी). मग ग्रुपातून काढणं.

त्यानंतरही एक वाट उरते. ग्रुपात असताना माणूस स्वतःच्या एखाद्या प्रोग्रामच्या फाइलीला तो ग्रुप देऊन वर सेटजीआयडी लावू शकतो. पुढे ग्रुपातून काढलं तरी ती फाइल चालवताना ग्रुपचा अधिकार मिळतोच. शोध :

फाइंड /होम /एसआरव्ही -टाइप एफ -पर्म -२००० -एलएस

काही निघालं नाही. तरी दोन्ही फाइलसिस्टिम नोसुइड करून माउंट केल्या. त्याने फाइलीवरचा सेटजीआयडी निकामी होतो आणि डिरेक्टरीवरचा वारसा चालू राहतो, म्हणजे १४ तारखेच्या रचनेला धक्का लागत नाही.

ग्रुप उडवण्याची घाई नाही. ग्रुपडेल एखाद्या चालू खात्याचा प्रायमरी ग्रुप उडवायला नकार देतं, पण डिस्कवर त्याच्या फाइली आहेत का हे पाहत नाही. आधी -जीआयडी ने शोधून फाइली दुसरीकडे लावायच्या, नंतर उडवायचं, आणि तो आकडा पुन्हा वापरायचा नाही. आधीच बेवारस झालेल्या फाइंड -नोग्रुप ने सापडतात. इथे २०१९ च्या अंकाच्या काही सापडल्या, त्या जुनेअंकला दिल्या.

जीआरपीसीके -आर ने दोन्ही फाइलींची तपासणी. एक दोष : व्हीआयजीआरने हाताने लिहिताना स्वल्पविरामानंतर एक जागा सुटली होती, म्हणून " सं५" नावाचं खातं नाही अशी तक्रार. संपादनात सं५ चं नाव डोळ्यांना दिसत होतं आणि परवानगी मात्र नव्हती. जागा काढली, सं५ ने नवं लॉगिन केलं, मजकूर उघडला.

उरलेलं : गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला. त्याआधी बॅकअपमधून पाने ही डिरेक्टरी दुसऱ्या जागी परत काढून एसीएल आणि सेटजीआयडी दोन्ही जिवंत येतात का ते पाहायचं. छपाई ग्रुपाची सदस्य यादी विभागाकडून लेखी यायची आहे.